मानेपर्यंत भिजलेला क्रेनभाऊ

जमिनीपासून चाळीस फूट उंच, लोखंडी केबिनमध्ये बसून, तापलेल्या पोलादाचे लालभडक तुकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत हसत हसत नेणारा हा माणूस गुडघाभर पाण्याला भीत असे. 'गुडघाभर' हे मी त्यांची अब्रू राखायला लिहिलं. खरं म्हणजे पाणी घोट्याच्या वर आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. जेवताना ग्लास काठोकाठ भरला असेल तर आधी अर्धा ओतून देत आणि मगच तोंडाला लावत. आंघोळीच्या वेळी बादली एका कोपऱ्यात, स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधून तांब्याची ये-जा, असा प्रकार चाले. हे मला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

वरठीजवळच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही दोघं एकाच शेडमध्ये होतो. ते वर, मी खाली. मी खलाशी. जहाजावरचा नव्हे, क्रेनच्या हुकाला माल अडकवणारा आणि हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगणारा जो माणूस असतो, त्यालाही कारखान्यात खलाशीच म्हणतात. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. तर्जनी खाली करून फिरवली की उतरव. पंजा आडवा ताणला की थांब. एवढीच आमची भाषा, कारण शेडच्या खडखडाटात चौथा शब्द ऐकूच जात नसे. वरून त्यांना मालाचा तळ दिसायचा नाही, त्यामुळे माझ्या हाताकडे पाहूनच ते काम करत. हात सांगेल तेवढंच करायचं, पुढचं नाही, मागचं नाही. सगळा कारखाना त्यांना क्रेनभाऊ म्हणायचा.

रविवारी मात्र हेच क्रेनभाऊ पास्टर होत. त्यांच्या घराच्या ओसरीत आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमत. कुणी कारखान्यातला, कुणी स्टेशनावर भजी विकणारा, दोन-तीन बाया. मी बौद्ध घरचा, माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. तरी मीही जाऊन बसायचो. एक तर वहिनींच्या हातचे पोहे, आणि दुसरं म्हणजे क्रेनभाऊंना खाली, जमिनीवर बसलेलं बघण्याची ती एकच संधी. त्यांनी मला कधी 'ये आमच्यात' म्हटलं नाही. बुद्धपौर्णिमेला मात्र न बोलावता खीर खायला हजर असत आणि दुसरी वाटी मागून घेत.

त्यांच्या प्रार्थनेला लाऊडस्पीकर लागत नसे. वीस वर्षं शेडमध्ये काढल्यामुळे ते देवाशीही शेडमधल्यासारखंच बोलत. शेजारी एक किराणा दुकानदार होते, सज्जन माणूस. एकदा सकाळी सकाळी कुंपणाशी येऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमचा देव ऐकाले कमी आहे का जी?"

"नाही जी," क्रेनभाऊ म्हणाले, "त्याले बराबर ऐकू येते. मलेच येत नाही. मी काय मांगून राहिलो हे मले तरी समजलं पाहिजे ना?"

दुकानदार हसत परत गेले. पुढे पुढे तर ते या प्रार्थनेवर घड्याळ लावून दुकान उघडू लागले.

क्रेनभाऊंचं प्रवचन असं काही नसायचंच. जे सांगायचं ते क्रेनच्या गोष्टींतून. आसगावहून एक म्हातारी आपल्या मुलाकडे वरठीला राहायला आली होती. जन्म धानाच्या बांध्यांत गेलेला, तोंड फटकळ. सगळे तिला माय म्हणत. ती ओसरीत येऊन बसू लागली आणि तिसऱ्याच रविवारी प्रार्थना मध्येच थांबवून तिने विचारलं, "बाबू, मले लिवता-वाचता येत नाई. उपास धरला का चक्कर येते. तोंडात शिवी बसली हाय, थे मेली जात नाई. मले घेते का तुमचा देव?"

क्रेनभाऊंनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. "माय, आमच्या क्रेनवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, दहा टन. त्याच्यावर वजन झालं का घंटी वाजते, क्रेन नाही म्हणते. देवाच्या हुकावर टन लिहिलाच नाही. उचलाच्या पहिले तो कोणाले तोलून पाहत नाही."

मायने खात्री करून घेतली. "घंटी वाजत नाई?"

"नाही वाजत."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तिने कमरेची तंबाखूची पिशवी काढली. त्या दिवसापासून बाप्तिस्मा घ्यायचं तिने मनात धरलं.

देवाचं मला माहीत नाही, पण क्रेनभाऊंच्या हुकावर टन लिहिलेला नव्हता याचा दाखला मी स्वतः आहे. माझ्यात एक खोड आहे. मला सुरू करता येतं, थांबता येत नाही. बायको म्हणते, बोलण्यातही तसंच. एकदा सुपरवायझर साहेबांनी आपली नवी कोरी सायकल नियम मोडून शेडमध्ये आणून लावली होती. मी पोलादी सळ्यांचा गठ्ठा उतरवत होतो. तर्जनी खाली, गोल गोल. गठ्ठा इतका सुरेख, इतका सरळ उतरत होता की मी बघतच राहिलो आणि पंजा आडवा करायचं विसरलो. सायकलीचा पापड झाला. घंटी तेवढी शेवटपर्यंत वाजत होती.

साहेब बोंबलत आले. क्रेनभाऊ शिडीवरून खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "सिग्नल बराबर होता साहेब. सायकल चुकीच्या जागी होती." दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या शेडमध्ये हलवलं आणि त्यांच्याखाली नवा खलाशी दिला. तो दोन तास हात फिरवत राहिला. वर क्रेनभाऊ बोट हलवेनात. कारण विचारलं तर म्हणाले, "याचा हात मले दिसून नाही राहिला." शेवटी मला परत आणावं लागलं. जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "भाऊ, पुन्हा चुकलो तर?"

"मंग पुन्हा एक सायकल जाईल," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातलं वांगं उचललं.

त्या दिवशी मला रडू आलं होतं. वांग्यात तिखट जास्त आहे असं सांगून मी वेळ मारून नेली.

लाखनीकडे कुणाच्या घरी प्रार्थना असली की मोटारसायकलवर आम्ही दोघं जायचो. गाडी ते चालवायचे, पण वैनगंगेचा पूल आला की थांबायचे, उतरायचे, मागे बसायचे, मला चालवायला लावायचे आणि डोळे घट्ट मिटून घ्यायचे. "गेली का?" "नाही भाऊ." "आता?" "आता कुठं लागली." "हळू नको चालवू, तिले वाटन आपण थांबून राहिलो." नदीला काय वाटेल याचीही त्यांना काळजी. एकदा परतताना, पूल ओलांडून गेल्यावर, त्यांनी गाडी झाडाखाली थांबवायला सांगितली आणि मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी वहिनींनाही सांगितलेली नव्हती.

त्यांचं मूळ गाव नाकाडोंगरी, वडील खाणीत मजूर. लहानपणी हे खाणीच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात पडले होते. त्यांच्या आईने केसाला धरून वर ओढलं. तेव्हापासूनची ती भीती. पुढे तरुणपणी येशूच्या विश्वासात आले आणि बाप्तिस्म्यासाठी नदीवर गेले. त्यांच्यात पूर्ण पाण्याखाली जावं लागतं. जुना माणूस बुडवायचा आणि नवा वर काढायचा, असा त्याचा अर्थ. पास्टरांनी मानेवर हात ठेवून यांना मागे झुकवलं, तशी यांनी घाबरून पास्टरांची कॉलर धरली. पास्टर पाण्याखाली गेले. हे मानेपर्यंत भिजून, डोकं कोरडं ठेवून, पास्टरांच्या छातीवर पाय देऊन उभे. त्या गडबडीत पास्टरांचाच दुसऱ्यांदा बाप्तिस्मा झाला, आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून यांचाही झाला असं सगळे धरून चालले.

मी हसून हसून झाडाला टेकलो. ते हसले नाहीत.

"मानेपर्यंत मी येशूचा आहे," ते म्हणाले. "वरचं काय, मले माहीत नाही. आणि पाप तर सगळं डोक्यातच राह्यते ना बे?"

तेव्हा मला कळलं, की इतरांना उचलताना टन न पाहणारा देव या माणसाला स्वतःपुरता मात्र तोलणारा वाटतो. कुणाचा बाप्तिस्मा असला की ते दर वेळी गोंदियाच्या पास्टरांना का बोलावतात, हेही कळलं. कधी सर्दी, कधी कान फुटला, कधी 'तुमच्याच हाताले शोभते जी'. गोंदियाचे पास्टर हौशी होते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्यापासून ते स्वतःला परजिल्ह्यातला पाहुणा समजत आणि चहाच्या आधी नाश्ता मागत.

मायचा दिवस ठरला. तिचा हट्ट असा की बाप्तिस्मा आसगावलाच, तिच्या शेताजवळच्या बोडीत. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. "जिथं जलमभर रोवणं केलं त्याच पाण्यात," ती म्हणाली. रोवणं म्हणजे धानाची लावणी. धान कापून झालं होतं, थंडी पडली होती. आम्ही टेम्पो करून पोचलो, तर बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, मायचं अर्धं गाव येऊन बसलेलं. बाप्तिस्मा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण म्हातारी या थंडीत पाण्यात उतरणार हे बघण्यासारखं होतंच. माय दोन नवी लुगडी, टॉवेल आणि तंबाखू घेऊन सज्ज होती.

तेवढ्यात क्रेनभाऊंचा मोबाइल वाजला. गोंदियाचे पास्टर स्टेशनावर बॅग उचलायला वाकले ते वाकलेच राहिले होते. कंबर धरली होती. "तुम्हीच द्या," ते फोनवर कण्हत म्हणाले, "देव तुमच्यासोबत आहे."

क्रेनभाऊंनी बोडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग टेम्पोकडे. टेम्पोचा ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता.

"माय," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात घेऊ."

"पुढच्या महिन्यात मी मेली त?"

"माय, मले सर्दी..."

"तुले सर्दी नाई. तू भेवून राह्यला."

आणि मग क्रेनभाऊंनी, अर्ध्या आसगावासमोर, आपल्या नेहमीच्या शेडमधल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. खाण, नदी, पास्टरांची कॉलर, कोरडं डोकं, सगळं. "मी स्वतःच अर्धा आहे माय," ते म्हणाले. "अर्ध्या माणसानं दिलेलं तुले कसं चालन?" त्यांचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला, की मी त्यांना इतकं हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

माय कमरेवर हात ठेवून उभी होती. "तूच म्हणे ना, देवाच्या हुकावर टन लिवला नाई म्हणून?"

"हो."

"मंग एकटं तुह्यंच डोस्कं दहा टनाच्या वर हाय का रे, मुडद्या?"

शिवी खरोखरच गेली नव्हती. पाळीवर हशा पिकला. क्रेनभाऊ हसले नाहीत, पण त्यांच्या तोंडाला रंग आला. त्यांनी चपला काढल्या, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझा दंड धरला. "खलाशी, तू सामने उभा राह्य. सिग्नल दे. मी पाण्याकडे पाहत नाही, तुह्या हाताकडेच पाहीन."

मी बोडीच्या पलीकडच्या पाळीवर जाऊन उभा राहिलो. तर्जनी खाली केली आणि फिरवली. हळू. ते एक पाऊल आत आले. घोटा. मी फिरवत राहिलो. गुडघा. शेजारून माय लुगडं खोचून बांध्यात चालल्यासारखी खुशाल चालत होती. मांडी. कंबर. त्यांचे दात वाजत होते. थंडीने की कशाने, देव जाणे. डोळे मात्र माझ्या बोटावर. मी पंजा आडवा केला. थांबले. सगळ्या आसगावला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि मायला पाण्याखाली नेऊन वर काढलं. माय शिंगाड्याच्या वेलीसकट वर आली आणि पहिलाच शब्द बोलली, "थंडं हाय ना जी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता त्यांना बाहेर आणायचं एवढंच काम होतं. पण मला भरून आलं होतं. बारा वर्षं ज्यांच्या क्रेनखाली उभा राहिलो, तो माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि हसत होता. एका हाताने मी डोळे पुसत होतो. दुसरा हात काय करतोय याकडे माझं लक्षच नव्हतं. पंजा कधी मिटला ते मला कळलं नाही, आणि तर्जनी, जुन्या सवयीने, खालीच फिरत होती.

उतरव. उतरव. उतरव.

आणि क्रेनभाऊ, ज्यांनी आयुष्यात माझ्या हाताला कधी 'काहून' म्हणून विचारलं नाही, ते उतरले. गुडघे वाकवले. पोट गेलं, छाती गेली. हनुवटीला पाणी लागलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मी अजून विसरलेलो नाही. सायकल जाणार हे त्यांना दिसत होतं. तरी ते थांबले नाहीत. नाक गेलं, डोळे गेले, आणि ज्या कोरड्या राहिलेल्या डोक्याने त्यांना वीस वर्षं छळलं, तेही गेलं. वर बुडबुडे आले.

तेव्हा कुठे मी भानावर आलो आणि जिवाच्या आकांताने तर्जनी वर करून फिरवू लागलो. उचल! उचल! पण पाण्याखालून त्यांना माझा हात कसा दिसणार? ते सिग्नलची वाट बघत खालीच बसलेले. पाळीवर आरडाओरड सुरू झाली. मी कपड्यांसकट बोडीत उडी टाकली, पण त्याआधीच मायने वाकून त्यांना केसांना धरून वर ओढलं होतं.

ते खोकले, शिंकले, नाकातून पाणी काढलं, मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून चाचपू लागले. टाळू, कानामागचं, मानेवरचं. सगळं ओलं. "खलाशी," ते म्हणाले, "तू थांब द्याले विसरला."

"विसरलो भाऊ," मी रडत म्हणालो.

"देवाची शपथ, आता कधी शिकू नको." आणि मग मायकडे वळून म्हणाले, "पहिल्यांदा मायनं काढलं केसाले धरून, आज बी मायनंच."

नंतर कंबर सरळ झाल्यावर गोंदियाचे पास्टर आले. सगळा प्रकार ऐकून ते विचारात पडले. बाप्तिस्मा झाला तर खरा, पण दिला कोणी? क्रेनभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. पास्टरांनी मला खालीवर न्याहाळलं. "हे तर बौद्ध आहेत." "हो जी." "आणि वचनं?" "थे तर मायसाठी म्हटली होती, पण हवेत होतीच," क्रेनभाऊ म्हणाले, "देवाच्या घरी उरलेलं कोणी फेकते का?" पास्टरांनी डोळे मिटले, मग विचारलं, "बुडबुडे आले होते?" "आले होते जी." "मग झालं," असं म्हणून त्यांनी नाश्ता मागितला.

त्यानंतर क्रेनभाऊंची भीती गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. गेली नाही. बादली दुसऱ्या कोपऱ्यातच राहिली. वैनगंगेच्या पुलावर मात्र ते एकच डोळा मिटू लागले, आणि बाप्तिस्म्याला गोंदियाहून कुणाला बोलावणं बंद झालं. भीत भीतच ते स्वतः पाण्यात उतरत आणि समोर मला उभं करत. "भेव आपल्या जागी," ते म्हणत, "काम आपल्या जागी. देव दोघाले बी उचलते."

ते गेले ऐन पावसाळ्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मीही झालो होतो. माय तर केव्हाच गेली होती. दफनभूमीच्या कुंपणाला लागून धानाचे बांधे, नुकतंच रोवणं झालेलं, सगळीकडे पाणी. खड्डा खणला तसा खालून भरू लागला. पोरांनी बादली लावली, मग घमेलं लावलं. जेवढं काढावं तेवढं परत येई. गोंदियाचे पास्टर, आता काठी टेकत, घड्याळ बघत होते. लोक आपापसात कुजबुजू लागले, की या माणसाला, सगळ्या जगात याच माणसाला, पाण्यात कसं ठेवायचं? माझ्याने ते बघवेना.

वहिनी पुढे आल्या. "राहू द्या ते पाणी," त्या म्हणाल्या. "काढू नका. आता नाही भेत ते."

दोर धरायला आमच्याच शेडमधले चार म्हातारे होते. दोर ओले आणि निसरडे, पेटी एका बाजूला झुकायला लागली. चौघांनीही, कुणी काही न सांगता, माझ्याकडे पाहिलं. मी खड्ड्याच्या पायाकडच्या बाजूला उभा राहिलो आणि तर्जनी खाली करून फिरवली. हळू. डोक्याकडची बाजू जरा आधी गेली. मी तशीच जाऊ दिली. पाण्याने लाकडाला हात लावला, वर चढलं, मिटलं. दोन बुडबुडे आले. मला हसू आलं आणि त्याच्यातच हुंदका आला. दोर सैल पडले, चौघांनी ते ओढून घेतले, पास्टरांनी माती टाकली, लोक पुढे सरकले. माझं बोट फिरतच होतं.

वहिनींनी माझं मनगट धरलं, वळलेली मूठ उघडली आणि पंजा आडवा केला.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "पोहचले जी ते."